खूर आपटण्याचा नियम

एका जंगलात चितळांचा एक कळप राहत असे, आणि त्या कळपातील पाडसांना चालण्याची, थांबण्याची व ऐकण्याची शिस्त लावणे हे माझे काम होते. मी वय झालेली हरिणी आहे. कळपातील लहानथोर सगळे मला ‘बाई’ म्हणत. जी घटना मी सांगणार आहे तिच्यातील माझा वाटा असा : एका आईबरोबर मी करवंदीच्या जाळीबाहेर गेले, जे पाहिले ते जसेच्या तसे कळपापुढे मांडले, आणि शेवटची सभा मी बोलावली. यापेक्षा अधिक श्रेय मी घेत नाही. कमीही घेणार नाही.

मुलांनो, प्रथम आमचा नियम समजून घ्या. तो समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. चितळ वाघाला घाबरतो, परंतु वाघ दिसला म्हणून तो लगेच पळत सुटत नाही. तो जागच्या जागी उभा राहतो, वाघाकडे टक लावून पाहतो, पुढचा खूर जमिनीवर आपटतो आणि मोठ्याने हाक देतो. दबा धरून बसणे हेच वाघाचे सगळे बळ असते. आपण दिसलो आहोत हे कळले की तो उठतो आणि जणू काही फिरायलाच आलो होतो अशा थाटात निघून जातो. जो चितळ त्याला न पाहताच भांबावून पळतो, तो दोन उड्यांत सापडतो. हा नियम माझ्या आजीच्या आजीपासून चालत आला होता. मी तो पाडसांकडून घोटून घेत असे. खूर अर्धवट आपटलेला मला चालत नसे.

आमच्या कुरणाच्या एका अंगाने गाडीवाट जात असे आणि दुसऱ्या अंगाने खोल नाला वाहत असे. थंडी सरत आली होती. एके दिवशी सकाळी गाडीवाटेवर एक जीप येऊन थांबली. लाकडे तोडायला येणारी माणसे आम्ही पाहिली होती; त्यांच्या वाटेला आम्ही जात नसू आणि आमच्या वाटेला ती येत नसत. परंतु या जीपमधून उतरलेला माणूस झुडपाआड गुडघे टेकून बसला. आमच्या पहाऱ्यावर एक तरुण नर होता. त्याने झुडपाआडचे डोळे पाहिले आणि त्याला जे शिकवले होते तेच केले. त्याची मान ताठ होती, नजर स्थिर होती, खूर पूर्ण आपटला होता. मी पाहत होते. त्यात एकही चूक नव्हती.

मग एक आवाज झाला आणि तो नर खाली बसला. चितळ तसा कधी बसत नाही.

आम्ही पांगलो आणि पुन्हा एकत्र आलो, तेव्हा कळपाचा नायक म्हणाला, “त्याने खूर हळू आपटला.” नायकाची शिंगे साऱ्या जंगलात मोठी होती आणि त्याच्यापुढे कोणी सहसा बोलत नसे.

“खूर बरोबर आपटला होता,” मी म्हणाले. “मी पाहिले आहे.”

“मग हाक कमी पडली असेल, बाई. समोरचा हलला नाही, म्हणजे आपलेच काहीतरी कमी पडले.”

थोड्या दिवसांनी जीप पुन्हा आली. या वेळी एक हरिणी पुढे उभी राहिली. तिने असा खूर आपटला की माती उडाली, आणि अशी हाक दिली की नाल्यातील बगळे उठले. ती हाक मध्येच तुटली.

त्यानंतर कोणी नायकाला काही विचारले नाही. सगळा कळप कुरण सोडून वरच्या अंगाच्या करवंदीच्या जाळीत शिरला.

मुलांनो, त्या जाळीत आम्ही कसे राहिलो ते मी थोडक्यातच सांगते, कारण ते आठवले तरी माझे कान आजही उभे राहतात. तेथे गवत नव्हते. बांबूची वाळकी पाने आणि करवंदीची काटेरी टोके हेच आमचे खाणे. ऊन खाली पोहोचत नसे. वाळके पान पडले तरी कळप उसळे आणि काट्यांत अंगे फाडून घेई. रवंथ करायला बसायचे तर डोळे जड होतात, म्हणून आम्ही उभ्या उभ्याच रवंथ करू लागलो. मग तेही जमेना. पाडसांनी उड्या मारणे सोडले. ती आयांच्या पोटांखाली उभी राहत आणि आया एकमेकींकडे न पाहता चारी दिशांना पाहत. वारा आला की भय वाटे, आणि वारा पडला की अधिक भय वाटे.

या दिवसांत आमच्याकडे एकच पाहुणा येत असे. तो होता कोल्हा. रोज सकाळी जाळीच्या तोंडाशी बसून तो मोठ्या आदबीने विचारपूस करी.

“बाईसाहेब, नमस्कार. पाडसांची प्रकृती कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणत असे.

“बाहेर पडू नका हं. मी आत्ताच पाहून आलो. गाडीवाटेवर बंदुका आहेत, कुरणात आहेत, नाल्यापलीकडे तर विचारूच नका. जिकडे पाहावे तिकडे तेच. मला तुमची काळजी वाटते, म्हणून सांगतो.”

“तू मोठा भला आहेस,” नायक म्हणे.

“आपले कर्तव्य आहे, नायकसाहेब,” कोल्हा म्हणे आणि जाता जाता विचारी, “ते उजव्या पायाने लंगडणारे पाडस आज दिसले नाही? कोठे झोपते ते?”

एके दिवशी सकाळी ते लंगडणारे पाडस नाहीसे झाले. शिकाऱ्यांनी नेले, असे सगळे म्हणाले. मी एवढेच म्हणाले की, आवाज झाला नव्हता. पण घाबरलेल्या जिवांना आवाज झाला काय आणि न झाला काय, सारखेच. त्यांना मनात दिवसभर तोच आवाज ऐकू येत होता.

कळपात एक पहिलटकरीण होती. तिचे पाडस जाळीत आल्यानंतरच जन्मले होते आणि त्याने कुरण अजून पाहिलेच नव्हते. ती एका सकाळी माझ्याजवळ आली.

“बाई, माझ्या आचळांत दूध उरलेले नाही. बाळ ओढते आणि सोडून देते. काल त्याने ओढलेही नाही.”

मी पाडसाला उठवले. त्याचे मागचे पाय थरथरत होते. मी अनेक पाडसे वाढवली आहेत. असे पाडस किती टिकते हे मला ठाऊक होते. मी ते तिला सांगितले नाही, कारण तिलाही ते ठाऊक होते.

ती नायकाकडे गेली. “नायक, मला गवत हवे आहे. बाहेर जायची परवानगी द्या.”

“बाहेर मरण आहे.”

“आणि येथे?”

नायकाने मान वळवली. तेवढ्यात वरच्या फांदीवरून वानर खाली डोकावले. हे वानर आमचे जुने शेजारी. त्याचा स्वभाव बडबडा आणि जिभेला हाड नाही. वाघ दिसला की ते वरून खाकरून ओरडे आणि आम्ही सावध होत असू.

“काय हो मंडळी,” वानर म्हणाले, “काल मी शिंकलो तर तुमचा अख्खा कळप काट्यांत! मी काय इतका भयंकर दिसतो?”

“तू बोलू नकोस,” नायक गरजला. “आमचे दोघे गेले, तेव्हा तू हाक का दिली नाहीस? वाघ आला की झाड डोक्यावर घेतोस!”

“वाघाला झाडाच्या शेंड्यावर येता येत नाही, म्हणून घेतो. बंदुकीपुढे ओरडून आपला पत्ता कोण सांगेल? जीप थांबली की आमची सगळी टोळी पानांत शिरून गप्प बसते. माझी बायकोसुद्धा.”

“भित्रा आहेस.”

“आहे ना. म्हणून तर तुमच्याशी बोलायला उरलो आहे.” वानराने खोड खाजवले आणि मग प्रथमच थोडे गंभीर होऊन म्हणाले, “पण वरून जे दिसते ते सांगतो. ती माणसे नाल्यापलीकडे कधी गेलेली मी पाहिली नाहीत. तुमचा नर त्यांनी जीपपर्यंत ओढत नेला, तेव्हा त्या दोघा माणसांचा दम निघाला होता. आणि ते तर सपाट कुरण होते.”

“कोल्हा म्हणतो, पलीकडेही बंदुका आहेत,” नायक म्हणाला.

“कोल्हेबुवा काय वाटेल ते म्हणतील. तुम्ही सगळे वाळलात आणि ते मात्र चांगलेच गुटगुटीत झाले आहेत. काय खातात, विचारलेत कधी?”

पहिलटकरणीने परवानगीची वाट पाहिली नाही. तिने पाडसाला नाकाने ढकलून उभे केले आणि ती चालू लागली. नायक माझ्याकडे पाहू लागला.

“बाई, तिला थांबवा.”

“मी तिच्याबरोबर जात आहे,” मी म्हणाले. “काय घडते ते कोणीतरी नीट पाहायला हवे.”

आम्ही जाळीबाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागले होते. कुरणात गवत कमरेएवढे वाढले होते, कारण ते खायला कोणी उरलेच नव्हते. पहिलटकरीण एक घास घेई, मान वर करी, पुन्हा एक घास घेई. पाडस तिच्या मागच्या पायांना चिकटून होते. नाल्याच्या काठच्या उंबरावर वानराची टोळी फळांवरून भांडत होती. कोणी कोणाचे उंबर हिसकावले यावरून असा गोंगाट चालला होता की मला राग आला. अशा गोंधळात काही ऐकू येईल काय, असे मी म्हणणार होते.

आणि गोंगाट थांबला. एकाएकी सगळा थांबला. फांदी हलली नाही, उंबर पडले नाही.

पहिलटकरणीचे कान फिरले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आम्हां दोघींना एकाच वेळी कळले की हे मौन कशाचे आहे. जीपचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. गोंगाटात तो बुडाला होता. गाडीवाटेच्या बाजूला गवताची टोके वाऱ्याविरुद्ध हलत होती. त्यांच्यामध्ये एक टोपी दिसली.

मुलांनो, अंगात मुरलेला नियम काय असतो हे मला त्या क्षणी कळले. माझा पुढचा खूर आपोआप वर उचलला गेला होता. त्याहून वाईट म्हणजे, ज्याला मी अजून काहीच शिकवले नव्हते त्या पाडसाने मान ताठ केली आणि आपला इवलासा खूर उचलला.

पहिलटकरणीने त्याला डोक्याने आडवे ढकलले. तिने हाक दिली नाही. चितळ घाबरला की त्याची शेपटी वर होते आणि खालचे पांढरे केस लांबूनही चमकतात. तिने शेपटी खाली दाबून धरली. ती पळाली नाही. उंच गवतातून, मान खाली घालून, ती नाल्याच्या दिशेने तिरपी चालत गेली. पाडस तिच्या पावलांत पाऊल टाकत होते. मी मागे होते. पाठीवर कोणाची तरी नजर आहे असे वाटत असता न पळता चालणे किती कठीण असते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझे काळीज कधीच पळून गेले होते. पाय तेवढे माझ्याजवळ होते.

आम्ही नाल्यात उतरलो. पलीकडची दरड उंच आणि भुसभुशीत होती. आई एका झेपेत वर गेली, पण पाडस मध्यावर घसरले आणि खडे खडखडत खाली आले. वर कुरणात पावलांचा आवाज थांबला. मग तो आमच्याच दिशेने येऊ लागला.

पाडस मागे वळून पाहू लागले. त्याच्या पायांतले बळ गेले होते. आई वरून पाहत होती. तिला खाली येता येत नव्हते आणि ओरडताही येत नव्हते.

मी त्याच्या कानाशी तोंड नेले आणि वर्गात बोलत असे त्याच आवाजात म्हणाले, “मागे पाहायचे नाही. पुढचा पाय त्या मुळावर. दुसरा दगडावर. आता मागचे दोन्ही. रडायचे ते वर गेल्यावर.”

त्याने पाय मुळावर ठेवला. दुसरा दगडावर ठेवला. मी त्याला खालून डोक्याने रेटले आणि ते वर गेले. त्याच्यामागोमाग मी गेले. आम्ही तिघे पळसाच्या झुडपांत आडवे पडलो आणि श्वास रोखून पाहू लागलो.

माणूस अलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर बंदूक होती. तो इतका जवळ होता की त्याच्या टोपीवरचे कुसळ मला दिसत होते. मागून त्याच्या सोबत्याने काहीतरी ओरडून सांगितले. आम्हांला त्यांची भाषा कळत नाही. परंतु त्या माणसाने दरडीकडे पाहिले, नाल्याच्या तळाकडे पाहिले, लांब उभ्या असलेल्या जीपकडे पाहिले आणि तो थुंकून परत फिरला. थोड्या वेळाने जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर दूर गेला.

पहिलटकरीण उठली. नाल्यापलीकडे गवत होते. कुरणाइतके गोड नव्हे, जाडेभरडे, पण भरपूर होते. आणि त्या गवताच्या मधोमध, एका मोकळ्या खडकावर, कोल्हा पाय पसरून ऊन खात पडला होता. त्याच्या बिळाच्या तोंडाशी ठिपक्यांच्या कातड्याचा एक लहानसा तुकडा होता.

आम्हांला पाहताच तो दचकून उठला. “ताई, तुम्ही इकडे? अहो, इकडे फार धोका आहे!”

“आहे तर,” वरून वानराचा आवाज आला; टोळी पानांतून बाहेर पडली होती. “तो खडकावर बसला आहे.”

पहिलटकरणीने कातड्याच्या तुकड्याकडे पाहिले. मग तिने कोल्ह्याकडे टक लावली, पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि अशी हाक दिली की माझ्याही अंगावर काटा आला. कोल्हा दोन पावले मागे सरला. तिने पुन्हा खूर आपटला. कोल्ह्याने बिळाकडेही पाहिले नाही. तो शेपूट पोटाखाली घालून झाडीत पळाला.

ती गवत खाऊ लागली. अंधारून येण्यापूर्वी पाडसाने आचळ ओढले आणि सोडले नाही. त्यांना वानराच्या झाडाखाली ठेवून मी एकटी नाला उतरले, कुरण ओलांडले आणि जाळीत परत गेले.

जे पाहिले ते मी क्रमाने सांगितले. एक शब्द वाढवला नाही. लंगडणाऱ्या पाडसाची आई सगळे ऐकून घेऊन एका बाजूला जाऊन उभी राहिली. नायक मात्र म्हणाला, “म्हणजे तुम्ही शत्रूला पाठ दाखवलीत. बाई, तुम्ही! खूर आपटायला शिकवणाऱ्या तुम्ही!”

“नियम आजही बरोबर आहे,” मी म्हणाले. “तो वाघासाठी केलेला आहे, दबा धरणाऱ्यासाठी केलेला आहे. कोल्ह्यावरही तो चालला. ज्याला आपण उभे राहिलेलेच हवे असतो, त्याच्यापुढे उभे राहण्यासाठी तो कोणी केलेला नाही. आणि ज्या ठिकाणी शत्रू येतच नाही तेथेही त्याला भ्यावे, असे तर मी कधीच शिकवले नव्हते.”

मग नायक माझ्याजवळ आला आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, “दोन्ही वेळा मला वाटले होते, पुढचा मी. जोरात खूर आपटला तर वाचू, एवढाच आधार होता. तोही तुम्ही काढून घेतलात.”

“काढून घेतला नाही. तुला दुसरा देत आहे,” मी म्हणाले. “चल.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच कळप एकेकाच्या मागे एक असा नाला ओलांडून गेला. दरडीवर पाडसांना चढवण्याचे काम मी केले. सगळे वर आल्यावर मी सभा बोलावली; पाडसे मध्ये, आया भोवती, नर कडेला, आणि वानर फांदीवर.

वानराला मी विचारले, “माणूस आला की तुझी टोळी गप्प होते. तेवढेच आम्हांला पुरे आहे. पण गप्प झालेले कळावे म्हणून एरवी तुम्ही बोलत राहिले पाहिजे. चालेल?”

“म्हणजे दिवसभर बडबड करायची? बाई, हे फार कष्टाचे काम आहे.”

“ते तू फुकट करतच आहेस,” पहिलटकरीण म्हणाली. त्या दिवसांत कळपात प्रथमच कोणी हसले.

सभेत असे ठरले की, वाघ, कोल्हा किंवा दबा धरणारा कोणीही दिसला तर पूर्वीप्रमाणे उभे राहून खूर आपटावा. माणूस दिसला तर खूर आपटू नये, हाक देऊ नये, शेपटी खाली ठेवून उंच गवतातून नाल्याकडे यावे. चरणे नाल्यापलीकडेच व्हावे. गाडीवाटेच्या बाजूचे गोड गवत सोडून द्यावे. जाळीत कोणी राहू नये. वानराची टोळी गप्प झाली की तीच हाक समजावी. याला पहिलटकरणीने प्रथम संमती दिली, नंतर सर्व आयांनी, आणि त्यांच्यात लंगडणाऱ्या पाडसाच्या आईनेही. वानराने कुरकुरत होकार दिला. दोन तरुण नरांना गोड गवत सोडणे पटले नाही. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, आणि तरीही निर्णय पाळण्याचे कबूल केले. नायकाने सर्वांत शेवटी आपली शिंगे जमिनीपर्यंत झुकवली. कोल्ह्याचे मत विचारण्यात आले नाही.

तात्पर्य : भय बाळगावे, पण कोणाचे, कोठे आणि कसे हे नीट पाहून बाळगावे; जो सगळ्यालाच भितो आणि जो प्रत्येक शत्रूपुढे एकच उपाय करतो, ते दोघेही शत्रूचे काम सोपे करतात.